फ्रिज भंगारात देण्याआधी त्याच्या पाठीमागची पाटी वाचा

१९९४ साली मी इचलकरंजीत एका फ्रिज-एसी दुरुस्तीच्या दुकानात हेल्पर म्हणून लागलो. पहिल्याच आठवड्यात उस्तादांनी जे काम शिकवलं ते म्हणजे जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरची चार्जिंग लाइन, म्हणजे गॅस भरायची नळी, कटरनं कापायची. कापली की फुस्स आवाज यायचा, पांढरट धूर निघायचा, कॉम्प्रेसरच्या तेलाचा वास पसरायचा आणि बोट जवळ असलं तर गारठून बधिर व्हायचं. आठ-दहा सेकंदांत सगळं शांत. मग ब्रेझिंग, म्हणजे टॉर्चच्या ज्योतीनं नळीचा सांधा जोडणं. मग पाइपातली हवा घालवायला पुन्हा थोडा गॅस सोडायचा, आणि शेवटी नवा गॅस भरायचा.

तो गॅस म्हणजे आर-१२. त्याला रंग नाही, म्हणावा असा वास नाही, तो पेटत नाही, विषारी नाही. सोडून देताना कुणाला काही वाटायचं नाही. मलाही वाटलं नाही. आर-१२ हवेत शंभर वर्षांच्या आसपास टिकतो हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. म्हणजे त्या आठवड्यात मी जे सोडलं, त्यातलं बरंचसं आजही वर आहे. माझी नातवंडं म्हातारी होतील तेव्हाही त्यातलं काही उरलेलं असेल. म्हणून हे लिहायला घेतलं.

गिऱ्हाईक विचारतात, "डिओ मारला की ओझोनला भोक पडतं का हो?" "फिनेलनं पडतं का?" "ब्लीचिंग पावडरनं?" ही काळजी चांगली आहे, पण ती चुकीच्या फडताळाकडे बघतेय. आज आपल्या घरात ओझोनला खरा धोका असेल तर तो तांब्याच्या नळ्यांत बंद करून ठेवलेला आहे. तिथून तो बाहेर पडू द्यायचा नाही, एवढंच काम आहे. ते कसं करायचं ते सांगतो.

आधी, वर काय होतं ते

ओझोनचा थर जमिनीपासून साधारण पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवर आहे. थर म्हटलं की जाड गोधडी डोळ्यांसमोर येते, पण तो सगळा ओझोन खाली आणून जमिनीवर पसरला तर जेमतेम तीन मिलिमीटर भरेल, पातळ थापलेल्या भाकरीएवढा. सूर्याचे त्वचा आणि डोळे जाळणारे अतिनील किरण तेवढ्यावर अडतात.

आर-१२ सारख्या गॅसमध्ये क्लोरीन असतो. हा गॅस खाली कशाशीच मिसळत नाही, पावसात विरघळत नाही, म्हणून हळूहळू काही वर्षांत वर पोचतो. तिथल्या कडक उन्हात तो फुटतो आणि क्लोरीनचा अणू सुटा होतो. हा अणू ओझोनचा कण मोडतो आणि स्वतः मात्र संपत नाही. पुढचा मोडतो, त्याच्या पुढचा मोडतो. असा एक अणू लाखभर ओझोनचे कण मोडू शकतो. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड या दोघांनी हे कागदावर मांडलं. १९८५ मध्ये ब्रिटिश संशोधकांना अंटार्क्टिकावर खरंच ओझोन विरळ झालेला सापडला. १६ सप्टेंबर १९८७ ला असे गॅस हळूहळू बंद करायचा माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये आपला देश त्यात आला. पुण्याच्या वेधशाळेतून फुग्याला यंत्र बांधून ओझोन मोजतात, आणि अंटार्क्टिकावरच्या आपल्या मैत्री केंद्रावरही मोजतात. भोक पडतं ते तिकडे, दक्षिण ध्रुवावर. आपल्या डोक्यावर नाही. पण तिकडे जाणारा गॅस आपल्या गल्लीतूनही जातो.

आता ब्लीचिंग पावडरीचं. तिच्यातही क्लोरीन आहे, मग ती का नाही? कारण तो क्लोरीन पाण्यात विरघळतो, समोर जे येईल त्याच्याशी लगेच भिडतो आणि पहिल्याच पावसात खाली येतो. पंधरा किलोमीटर चढण्याइतका तो टिकतच नाही. फिनेल, फरशीचा साबण, संडास धुण्याचं ॲसिड यांचंही तसंच. ॲसिड आणि ब्लीच एकत्र ओतू नका, पण ते तुमच्या फुप्फुसांसाठी. ओझोनचा त्याच्याशी संबंध नाही.

आमच्या घरातली एक बाटली

माझी आई कापडाच्या मेंडिंग खात्यात, म्हणजे विणलेल्या कापडातले दोष काढतात तिथे, कामाला होती. मागावरून उतरलेल्या कापडावर तेलाचे डाग असतात, ते काढायला तिथे सीटीसी वापरत. सीटीसी म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड. त्याचा वास गोडसर. डागावर टाकलं की तेल सुटायचं, कापड क्षणात वाळायचं, मागे खूणसुद्धा राहायची नाही. एक छोटी बाटली घरी आली होती, शाळेच्या गणवेशावर शाईचा किंवा तेलाचा डाग पडला की आई ती काढायची. संध्याकाळी तिचं डोकं दुखायचं. ते कामाच्या थकव्यानं असेल असंच आम्ही धरून चाललो.

सीटीसी यकृताला घातक आहे. आणि ओझोन मोडण्याच्या ताकदीत तो आर-१२ च्याही थोडा पुढे आहे. "क्षणात वाळलं" म्हणजे ते सगळं हवेत गेलं होतं. १ जानेवारी २०१० पासून आपल्याकडे अशा वापरासाठी त्याला बंदी आहे. पण इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, सोलापूर, जिथे जिथे माग आहेत तिथल्या जुन्या घरांत, माळ्यावर, शिलाई मशीनच्या खणात अशी बाटली अजून निघू शकते. निघाली तर बूच उघडून वास घेऊन बघू नका. मोरीत ओतू नका, उन्हात ठेवून उडवू नका. बूच घट्ट करून, वर चिठ्ठी लावून, प्लास्टिकच्या डब्यात उभी ठेवा आणि नगरपालिकेच्या घरगुती घातक कचऱ्यात द्या, जिथे जुने रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या आणि ट्यूबलाइट घेतात. घंटागाडीवाल्या माणसाच्या हातात काय आहे ते त्याला तोंडानं सांगून द्या.

पाटी कशी वाचायची

फ्रिजच्या मागच्या बाजूला, कॉम्प्रेसरजवळ किंवा आत भाजीच्या कप्प्याशेजारी कंपनीची पाटी असते. एसीची पाटी बाहेरच्या युनिटच्या कुशीला असते. तिच्यावर इंग्रजी आर आणि पुढे आकडा, आणि त्याच्या शेजारी ग्रॅम किंवा किलो लिहिलेलं असतं. मोबाइलनं फोटो काढून ठेवा, पाटी पुढे पुसट होते.

आर-१२ दिसला तर तो जुना, क्लोरीनवाला गॅस. फ्रिज २००३ च्या आधीचा असेल आणि पाटी निघून गेली असेल तर आर-१२ च आहे असं धरून चाला. आर-२२ हा एसीतला. जुन्या विंडो आणि स्प्लिट एसीत अजून भरपूर आहे. त्याची ओझोन मोडायची ताकद आर-१२ च्या विसाव्या हिश्शाच्या आसपास, पण एका एसीत तो किलोभर असतो आणि फ्रिजमध्ये आर-१२ शंभर-दीडशे ग्रॅम. आर-१३४ए, आर-४१०ए, आर-३२ यांच्यात क्लोरीन नाही, त्यांनी ओझोनला धक्का लागत नाही. पण पृथ्वी तापवण्यात ते पटाईत आहेत. एक किलो आर-४१०ए सोडला तर तो दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. त्यामुळे "नवा गॅस आहे, सोडला तर चालतो" हे बिलकूल खरं नाही. आर-६००ए आणि आर-२९० म्हणजे जवळजवळ आपल्या स्वयंपाकाच्या गॅसची भावंडं. ओझोनला निर्धोक, हवेला जवळजवळ निर्धोक, पण पेटतात. त्यांच्या पाटीवर ज्वालेचा पिवळा त्रिकोण असतो. तो दिसला तर मेकॅनिकला ब्रेझिंगचा टॉर्च पेटवण्याआधी सांगा. आणि जुन्या आर-२२ च्या एसीत कुणी "स्वस्तात आर-२९० भरून देतो" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. ती मशीन पेटणाऱ्या गॅससाठी बनवलेलीच नाही.

"गॅस संपलाय" असं कुणी म्हटलं तर

या एका वाक्यानं जेवढा गॅस आभाळात गेलाय तेवढा दुसऱ्या कशानं गेला नसेल. मार्च उजाडला की फोन सुरू होतात, "दादा, सर्व्हिसिंगला या आणि दरवर्षीसारखा गॅसपण भरून जा." दरवर्षीसारखा! गेल्या उन्हाळ्यात एका काकूंकडे गेलो. वार्षिक करारावर येणारा माणूस सलग चार वर्षं त्यांच्या दीड टनी एसीत आर-२२ भरून गेला होता, प्रत्येक वेळी वेगळे पैसे घेऊन. काकूंची समजूत अशी की गॅस पेट्रोलसारखा जळतो.

गॅस जळत नाही, झिजत नाही, जुना होत नाही. तो त्याच नळ्यांत फिरत राहतो. वीस वर्षं फिरला तरी तेवढाच राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि गळती बंद न करता वरून भरलेला गॅस तुम्ही पैसे देऊन आभाळात सोडताय.

मी काकूंच्या बाहेरच्या युनिटची बाजूची झाकणी काढली. जाड नळीच्या फ्लेअर नटाखाली (नळीचं पसरट केलेलं तोंड म्हणजे फ्लेअर, ते आवळून धरणारा हा नट) तेलकट काळा डाग होता, त्यावर धूळ चिकटून मऊ लेप झाला होता. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं, म्हणून गळतीची पहिली खूण ही. एसी बंद करून, मेन स्विच पाडून, अर्ध्या वाटी पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब घातले. ढवळायचं ते हळूच, फेस होऊ द्यायचा नाही. जुन्या दाढीच्या ब्रशनं ते नटाभोवती लावलं आणि थांबलो. साबण लावून लगेच पुढे जाणारा माणूस गळती शोधत नसतो. मिनिटभरानं नटाच्या खालच्या अंगाला साबुदाण्यासारखे बारीक बुडबुडे जमू लागले. एक, मग तीन, मग घोस. काकू वाकून बघत होत्या. चार वर्षांचे पैसे तिथून गेले होते.

हे तुम्ही घरीही करू शकता. एसी बंद असतानाच करा, कारण चालू असताना जाड नळीतला दाब उतरतो आणि बारीक गळती दिसत नाही. नटावर पाना मात्र चालवू नका. जास्त आवळला तर फ्लेअर चिरतो आणि असलेला सगळा गॅस जातो.

मेकॅनिक आला की त्याच्याकडून पुढचं काम याच क्रमानं करून घ्या, आणि समोर उभे राहा. आधी गळती शोधायची. दुरुस्तीसाठी लाइन उघडावी लागणार असेल तर आत उरलेला गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून कोंडायचा किंवा रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढायचा. दुरुस्ती झाली की नायट्रोजन भरून दाब द्यायचा आणि किमान अर्धा तास गेजची, म्हणजे दाब दाखवणाऱ्या मीटरची, सुई हलत नाही ना ते बघायचं. मग व्हॅक्यूम पंप लावायचा. इथे बहुतेक जण चुकारपणा करतात. पंप आणलेला नसतो, मग म्हणतात "थोडा गॅस सोडून एअर काढतो." तो थोडा गॅस म्हणजे पन्नास-शंभर ग्रॅम, आणि पाणी, बाष्प आतच राहतं ते वेगळंच. शेवटी वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून पाटीवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम भरायचे. नुसत्या गेजच्या अंदाजानं भरलेला गॅस जास्तच होतो, कमी क्वचित.

असा माणूस शंभर-दोनशे रुपये जास्त मागेल. द्या. पंप, नायट्रोजन आणि काटा घेऊन जिना चढून आलेल्या माणसाचे ते कष्ट आहेत. सरकारच्या ओझोन सेलनं एसी मेकॅनिकसाठी प्रशिक्षणं घेतली आहेत. ते घेतलंय का हे विचारायला लाजू नका. मी घेतलं तेव्हा माझी वीस वर्षांची सवय दोन दिवसांत मोडली.

घर बदलताना

भाड्याचं घर सोडताना स्प्लिट एसी काढायचा असतो आणि टेम्पो दारात उभा असतो. घाईत नट सैल करून गॅस सोडून देतात, "तिकडे गेल्यावर नवा भरू." याची काहीच गरज नाही. एसी कूलिंगवर दहा मिनिटं चालवायचा. बाहेरच्या युनिटच्या बारीक नळीचा व्हॉल्व्ह ॲलन-कीनं बंद करायचा. जाड नळीला लावलेल्या गेजची सुई शून्याजवळ आली की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि त्याच क्षणी एसी बंद. सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये कोंडला गेला. याला आमच्यात पंप-डाऊन म्हणतात, आणि थोड्या मिनिटांचं काम आहे. सुई शून्याखाली जाईपर्यंत ताणायचं नाही. नळी सैल असताना मशीन चालू ठेवायची नाही, आत हवा ओढली गेली तर कॉम्प्रेसर फुटू शकतो. म्हणून हे मेकॅनिककडूनच करून घ्या, पण करून घ्याच. कॉम्प्रेसर बंद पडलेला असेल तर पंप-डाऊन होत नाही, तेव्हा रिकव्हरी मशीन लागतं.

फ्रिज भंगारात देताना

भंगारवाल्याला हवं असतं तांबं आणि कॉम्प्रेसर. तो दारातच कटर चालवतो. मी तीस वर्षांपूर्वी ऐकायचो तोच फुस्स आवाज. पण त्याहून मोठी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. जुन्या फ्रिजच्या भिंतीत जो पिवळसर फोम असतो तो आर-११ नं, म्हणजे आर-१२ च्याच जातीच्या क्लोरीनवाल्या गॅसनं, फुगवलेला असायचा, आणि त्या फोममध्ये अडकलेला गॅस नळ्यांतल्या गॅसपेक्षा जास्त असतो. फोम फोडला, जाळला, की तो सुटतो. नव्या फ्रिजमध्ये फोमला सायक्लोपेंटेन वापरतात, त्यात क्लोरीन नाही.

म्हणून जुना फ्रिज रस्त्यावर फोडायला देऊ नका. फ्रिज आणि एसी ई-कचऱ्याच्या नियमांत येतात. नोंदणीकृत ई-कचरावाल्याला द्या, किंवा नवा घेताना कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये द्या आणि "पुढे कुठे जातो?" हे दुकानदाराला विचारा. पैसे थोडे कमी मिळतील. पत्र्याच्या पेटीसारखा धान्याला किंवा पुस्तकांना वापरायचा असेल तर खुशाल वापरा, फक्त आधी गॅस काढून घ्या आणि दाराचं कुलूप-लॅच काढून टाका, मुलं आत शिरतात. आणि बर्फ खरवडायला सुरी वापरू नका. फ्रीझरच्या ॲल्युमिनियमला सुरीचं टोक लागून गॅस गेलेले इतके फ्रिज माझ्याकडे आलेत की मोजदाद नाही.

राहिलेल्या वस्तू

डिओ, डासांचा स्प्रे, केसांचा स्प्रे यांच्या डब्यावर ब्यूटेन, प्रोपेन किंवा एलपीजी लिहिलेलं असतं. हे ओझोनला लागत नाहीत, पण देवघरातल्या निरांजनाजवळ फवारू नका. दम्याच्या पंपात पूर्वी क्लोरीनवाला गॅस असायचा, आता नाही. पंप कमी करायचा विचारही मनात आणू नका. जुनी अग्निशामक नळकांडी बघा: हॅलॉन किंवा बीसीएफ लिहिलेलं असेल तर "चालतंय का" म्हणून दाबून बघू नका. हॅलॉनमधला ब्रोमिन क्लोरीनपेक्षा कितीतरी तिखट, काही हॅलॉन आर-१२ च्या दहा पट. ते अग्निशामक सेवा देणाऱ्याकडे तसंच बंद द्या. रंग खरवडायचा रिमूव्हर घ्याल तर डब्यावर मिथिलीन क्लोराइड आहे का बघा. ते हवेत काही महिनेच टिकतं, त्यामुळे थोडंच वर पोचतं, पण बंद खोलीत ते माणसालाही मारतं.

आणि गच्चीवर बाग असेल तर युरिया मूठमूठ टाकू नका. जास्तीच्या नत्रातून नायट्रस ऑक्साइड निघतो, आणि आज माणूस जे ओझोन मोडणारे वायू सोडतो त्यात तो सगळ्यांत पुढे आहे. ए. आर. रविशंकरा या आपल्याकडच्याच शास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसोबत २००९ मध्ये हे दाखवून दिलं.

दिवाळीच्या आधी एका आजींचा फ्रिज आला. १९९१ चा, त्यांच्या लेकीच्या लग्नाच्या वेळी घेतलेला, कॉम्प्रेसर जाम. पाटीवर आर-१२. कॉम्प्रेसर चालत नव्हता, म्हणून रिकामा सिलिंडर व्हॅक्यूम करून बर्फाच्या बादलीत ठेवला, चार्जिंग लाइनला पिअर्सिंग व्हॉल्व्ह (नळीला बारीक भोक पाडून गॅस बाहेर न सांडता काढायचा) लावून नळी जोडली, आणि कॉम्प्रेसरभोवती गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळलं. गॅस गरमकडून गारकडे जातो. तीनदा फडकं बदललं. पाऊण तासानं सिलिंडर काट्यावर ठेवला तेव्हा पंच्याऐंशी ग्रॅम वाढले होते. पाटीवर शंभर होते. सिलिंडरवर मार्करनं तारीख आणि वजन लिहिलं आणि तो मागच्या खोलीत बाकीच्यांशेजारी ठेवला. फ्रिजचा सांगाडा फोमसकट अखंड उभा आहे. ई-कचऱ्याची गाडी पुढच्या फेरीला नेईल.